यंत्र अंगात येते तेव्हा : डेव्हिड क्रोनेनबर्ग यांचे भयपट

भयपटांची आवड असलेल्या माणसाला डेव्हिड क्रोनेनबर्ग हे नाव बहुतेक वेळा एखाद्या दृश्यासकट ठाऊक असते. कुणाला फुटणारे डोके आठवते, कुणाला पोटात शिरणारी व्हिडिओ कॅसेट, तर कुणाला हळूहळू माशी होत जाणारा शास्त्रज्ञ. ही दृश्ये किळसवाणी आहेत यात शंका नाही, आणि किळस आणणारा दिग्दर्शक अशीच त्यांची ओळख पक्की झाली आहे. ती ओळख खोटी नसली, तरी तेवढ्यावर थांबले की हाती फार थोडे लागते. गेली पन्नास वर्षे क्रोनेनबर्ग एकच प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी विचारत आले आहेत : आपण बनवलेले यंत्र आपल्याच शरीराचा भाग होऊ लागले, तर त्या शरीराचे आणि त्यात राहणाऱ्या माणसाचे काय होते? त्यांच्या चित्रपटांची गोष्ट सहसा फार गुंतागुंतीची नसते. तरीही ते अवघड वाटतात, कारण भीतीचा जो नेम आपल्या अंगवळणी पडलेला आहे तो ते मोडतात.

तो नेम सांगलीच्या वाचकाला निराळा समजावून द्यायला नको. १८४३ साली चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले आणि मराठी नाटकाचा पाया या गावात घातला गेला, हे आपण शाळेत असल्यापासून ऐकतो. त्या काळच्या पौराणिक नाटकांत राक्षसाचा प्रवेश हे मोठे आकर्षण असे. चेहरा रंगवलेला राक्षस मोठ्याने आरोळी ठोकत, आदळआपट करत रंगभूमीवर येई, आणि त्या आरोळीमुळेच ही नाटके पुढे ‘अललडुर्र’ म्हणून ओळखली गेली. अशा खेळात राक्षस कोण हे पाहताक्षणी कळते, तो बाहेरून येतो, नायकाशी त्याचा सामना होतो आणि शेवटी त्याचा वध होऊन प्रेक्षक निर्धास्तपणे घरी जातो. जगातले बहुतेक भयपट आजही याच वळणाचे आहेत. राक्षसाच्या जागी भूत, परग्रहावरचा प्राणी किंवा बिघडलेला यंत्रमानव आला, इतकाच फरक. क्रोनेनबर्ग यांच्या चित्रपटांत हा प्रवेशच होत नाही. जे काही बदलते ते नायकाच्या कातडीखाली बदलते, त्याला त्याने स्वतः दार उघडून दिलेले असते, आणि सुरुवातीला तो बदल त्याला आवडतही असतो. त्यामुळे वध कुणाचा करायचा हा प्रश्न सुटत नाही. समीक्षक या प्रकाराला ‘बॉडी हॉरर’ म्हणतात. स्वतःच्या देहावरचा ताबा सुटत जाणे, हीच त्यातली मूळ भीती.

क्रोनेनबर्ग यांचा जन्म १५ मार्च १९४३ रोजी कॅनडातल्या टोरांटो शहरात झाला. वडील लेखक आणि पत्रकार होते, आई पियानो वाजवीत असे. टोरांटो विद्यापीठात त्यांनी आधी विज्ञानाला प्रवेश घेतला आणि नंतर ते इंग्रजी साहित्याकडे वळले. त्याच विद्यापीठात त्या काळी मार्शल मॅक्लुहान शिकवत होते, आणि क्रोनेनबर्ग समजून घ्यायचे तर मॅक्लुहान यांचा विचार थोडा तरी माहीत असलेला बरा. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की माणसाची सगळी साधने ही त्याच्या अवयवांचीच वाढलेली रूपे आहेत. चाक हे पायाचे, कपडा हा कातडीचा, पुस्तक हे डोळ्याचे आणि विजेवर चालणारी संपर्काची साधने ही थेट आपल्या मज्जासंस्थेची. नवे साधन आले की इंद्रियांमधला जुना तोल बदलतो, आणि त्या साधनातून आपल्याला काय सांगितले जाते याच्यापेक्षा ते साधन स्वतःच आपल्याला अधिक घडवत जाते.

विद्यापीठात हा विचार व्याख्यानाचा विषय होता. क्रोनेनबर्ग यांनी तो अक्षरशः खरा मानून पडद्यावर आणला. टीव्हीचा पडदा हा डोळ्याचा वाढलेला भाग असेल, तर डोळ्याला होतो तसा त्यालाही आजार होईल. टेलिफोनची तार ही मज्जातंतूची वाढ असेल, तर तिच्यातून वेदनाही वाहील. एवढे गृहीत धरले, की त्यांच्या बऱ्याच चित्रपटांचे कुलूप उघडते.

पहिल्या काही चित्रपटांत यंत्रापेक्षा वैद्यक पुढे आहे. ‘शिव्हर्स’ (१९७५) मध्ये माँट्रियलजवळच्या एका आलिशान, सर्व सुखसोयींनी युक्त अशा रहिवासी इमारतीत एका डॉक्टरने तयार केलेले परजीवी जंतू पसरतात. निकामी अवयवाचे काम करणारा जिवंत पर्याय, या नावाखाली त्यांच्यावरचे संशोधन चाललेले असते. या चित्रपटाला सरकारी संस्थेचे अर्थसाहाय्य असल्यामुळे, करदात्यांचा पैसा असल्या गोष्टींवर का खर्च करता, असा मोठा गदारोळ कॅनडात उठला. ‘रॅबिड’ (१९७७) मध्ये अपघातात सापडलेल्या तरुणीवर कातडी रोपणाचा नवा प्रयोग होतो आणि तिच्या काखेत रक्त शोषणारी नांगी उगवते. ‘द ब्रूड’ (१९७९) मध्ये एक मानसोपचारतज्ज्ञ रुग्णांच्या मनातला राग त्यांच्या शरीरावर उमटवून बाहेर काढण्याचा उपचार करतो, आणि तो उपचार यशस्वी होतो हीच आपत्ती ठरते. स्वतःचा घटस्फोट आणि मुलीच्या ताब्यावरून झालेला कडवट संघर्ष या चित्रपटामागे होता, हे क्रोनेनबर्ग यांनी कधी लपवले नाही. या तिन्ही गोष्टींतले डॉक्टर खलनायक नाहीत. ते हुशार आहेत, आपल्या कामावर त्यांचा मनापासून विश्वास आहे, आणि त्यांचा प्रयोग फसतो असेही म्हणता येत नाही. तो त्यांच्या अपेक्षेपलीकडे सफल होतो.

‘स्कॅनर्स’ (१९८१) पासून यंत्र खऱ्या अर्थाने गोष्टीत उतरते. गरोदर स्त्रियांना दिलेल्या एका औषधामुळे काही मुले दुसऱ्याच्या मज्जासंस्थेशी मनाने जोडून घेण्याची शक्ती घेऊन जन्मतात. फुटणाऱ्या डोक्याचे प्रसिद्ध दृश्य याच चित्रपटातले. मला मात्र त्यातला टेलिफोन बूथचा प्रसंग जास्त महत्त्वाचा वाटतो. नायक रस्त्यावरच्या एका सार्वजनिक फोनवरून एका कंपनीच्या कॉम्प्युटरला फोन लावतो आणि रिसीव्हर कानाशी धरून, केवळ मनाने, त्या कॉम्प्युटरच्या आत शिरून माहिती वाचतो. कॉम्प्युटरलाही मज्जासंस्था असते, मग तिच्याशी जोडून घ्यायला काय हरकत, एवढाच त्यामागचा तर्क. कंपनीचे लोक कॉम्प्युटर बंद पाडून नायकाला मारू पाहतात, तेव्हा तो आघात तारेतून उलटा वाहत येतो आणि रिसीव्हर वितळू लागतो. घरोघरी इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधी, माणूस आणि जाळे एकमेकांना जोडले गेले तर इजा दोन्ही बाजूंना होऊ शकते, ही कल्पना या दिग्दर्शकाने साध्या टेलिफोनवर मांडून दाखवली.

त्यानंतर आला ‘व्हिडिओड्रोम’ (१९८३), आणि या लेखात सर्वांत जास्त जागा त्याला द्यायला हवी. टोरांटोतल्या एका छोट्या केबल वाहिनीचा चालक मॅक्स रेन सतत काहीतरी अधिक उत्तेजक, अधिक नागडे दाखवायच्या शोधात असतो. त्याचा तंत्रज्ञ एक चोरटा सिग्नल पकडतो. त्यावर ना कथा, ना पात्रे. लालसर मातीच्या भिंतीसमोर केवळ छळ चाललेला दिसतो. मॅक्स तो पाहत राहतो आणि त्याला भास होऊ लागतात. कॅसेट हातात श्वास घेते, टीव्हीचा पडदा फुगून बाहेर येतो, पोटाला उभी चीर पडते. पुढे त्याच चिरेतून लोक त्याच्या पोटात कॅसेट घालतात आणि तो त्या कॅसेटच्या हुकुमाबरहुकूम माणसे मारायला निघतो. त्याच्या हातातले पिस्तूल हळूहळू हाताच्याच मांसात रुजते.

नीट पाहिले तर यातली एकही गोष्ट मनमानी नाही. जो माणूस दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांत चित्रे घालतो, त्याच्याच पोटात शेवटी चित्रफीत घातली जाते. सिग्नलमध्ये नेमके काय दाखवले जाते याला महत्त्व नाही, असे चित्रपटातली पात्रेच सांगतात. मेंदूत गाठ निर्माण करणारी लहर त्या चित्रांच्या आड दडवलेली आहे आणि छळाची दृश्ये हे केवळ आमिष आहे. मॅक्लुहान यांचा विचार इथे जसाच्या तसा येतो. चित्रपटातला प्राध्यापक ओब्लिव्हियन हे पात्रही त्यांच्यावरूनच बेतलेले आहे. हा प्राध्यापक कुणालाही प्रत्यक्ष भेटत नाही, मुलाखतीला येतो तोही टीव्हीच्या पडद्यावरून. पुढे कळते की तो केव्हाच मेला आहे, पण जाण्यापूर्वी त्याने हजारो कॅसेट भरून ठेवल्या आहेत आणि त्याची मुलगी त्या एकेक करून लोकांसमोर आणत राहते. त्याने एक आश्रमही काढलेला आहे. तिथे बेघर माणसांना छोट्या छोट्या कप्प्यांत बसवून टीव्ही दाखवला जातो, कारण ज्याला टीव्ही पाहायला मिळत नाही तो जगापासून तुटला, असे त्याचे मत. मोबाइलचा रिचार्ज संपला म्हणून ज्याचा रेशनचा ओटीपी अडकतो, त्या माणसाला हे मत विनोदी वाटणार नाही.

त्या काळाचे आपल्याकडचे चित्रही इथे आठवणे योग्य होईल. १९८२ साली दिल्लीच्या एशियाडच्या निमित्ताने भारतात रंगीत टीव्ही आला आणि त्याच सुमारास व्हीसीआरही येऊ लागले. टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणून, वाड्यातल्या सगळ्यांनी वर्गणी काढून रात्रभर पिक्चर पाहण्याची पद्धत सांगली, मिरज, तासगाव इथे पुष्कळांना आठवत असेल. कॅसेट ही तेव्हा कौतुकाची वस्तू होती. ती हवी तेव्हा लावता येते, थांबवता येते, हवे तेच दृश्य पुन्हा पाहता येते, या सोयीतच एक नवी भूक दडली आहे हे क्रोनेनबर्ग यांना त्याच सुमारास दिसले होते, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते.

या चित्रपटातली करामत हाताने केलेली आहे. रिक बेकर यांच्या चमूने श्वास घेणारा टीव्ही तयार करताना पडद्याच्या जागी पातळ रबर ताणून बसवले आणि त्यावर मागून चित्र टाकले. रबर फुगवले की ओठांचे चित्र खरोखरच पुढे येई आणि नटाला त्यात तोंड खुपसता येई. पोटातली कॅसेट बेटामॅक्स जातीची आहे, कारण नेहमीची व्हीएचएस कॅसेट त्या कृत्रिम चिरेत मावत नव्हती. आज हेच सगळे कॉम्प्युटरवर अधिक सफाईने करता येईल, पण परिणाम उणावेल असे माझे स्पष्ट मत आहे. शरीर आणि वस्तू यांची सरमिसळ हा जर विषय असेल, तर प्रेक्षकाला समोरच्या वस्तूचे वजन, ओलसरपणा आणि ताण जाणवलाच पाहिजे. ‘व्हिडिओड्रोम’ तिकीट खिडकीवर पडला. त्याची थोरवी लोकांना कळली ती पुढे, आणि तीही बऱ्याच अंशी व्हिडिओ कॅसेटवरूनच.

या चित्रपटाबद्दलचा एक गैरसमज दूर करायला हवा. टीव्हीवरची हिंसा माणसाला बिघडवते असा त्याचा निष्कर्ष आहे, असे सर्रास म्हटले जाते. पण तो सिग्नल पसरवणारी कंपनी एका हाताने गरीब देशांसाठी स्वस्त चष्मे बनवते आणि दुसऱ्या हाताने क्षेपणास्त्रांची मार्गदर्शक यंत्रणा, आणि असले कार्यक्रम पाहणारे लोक मेलेलेच बरे, असा तिचा हेतू असतो. म्हणजे घाणेरडे पाहणाऱ्यांना शिक्षा करायला निघालेले शुद्धीवादीच इथे सर्वांत धोकादायक आहेत. मॅक्स त्यांच्या तावडीतून सुटतो तो दुसऱ्या पंथाच्या तावडीत जातो. त्याची म्हणावी अशी इच्छा कुठे उरते का, याचे उत्तर चित्रपट देत नाही.

‘द फ्लाय’ (१९८६) हा त्यांचा सर्वांत लोकप्रिय आणि माझ्या मते सर्वांत माणुसकीने भरलेला चित्रपट. १९५८ च्या जुन्या चित्रपटावरून तो घेतलेला असला, तरी त्याचा जीव वेगळा आहे. सेथ ब्रंडल नावाच्या शास्त्रज्ञाने वस्तू एका कोठडीतून दुसऱ्या कोठडीत क्षणात पाठवणारे यंत्र बनवले आहे. (त्या कोठडीचा आकार क्रोनेनबर्ग यांच्या डुकाटी मोटरसायकलच्या इंजिनातल्या सिलिंडरवरून घेतलेला होता.) निर्जीव वस्तू बिनबोभाट जातात, पण जिवंत माकड पाठवले तर ते आतले बाहेर होऊन येते. का, हे शोधण्यासाठी ब्रंडल एका मांसाच्या तुकड्याचे दोन भाग करतो, एक यंत्रातून पाठवतो आणि दोन्ही शिजवून आपल्या मैत्रिणीला, म्हणजे पत्रकार व्हेरोनिकाला, खायला देतो. यंत्रातून आलेला तुकडा तिला बनावट लागतो. तेव्हा त्याच्या लक्षात येते की कॉम्प्युटर मांस जसेच्या तसे पाठवत नव्हता. मांस म्हणजे काय याची स्वतःची समजूत करून घेऊन तो नवे मांस घडवत होता.

हा प्रसंग आज पाहिला की अंगावर काटा येतो. दिसायला तंतोतंत, पण चवीला कुठेतरी पोकळ, अशा गोष्टी कॉम्प्युटर आपल्याला आता रोज करून देतो. विश्रामबागेत इंजिनिअरिंगच्या काही मुलांबरोबर हा चित्रपट पाहिला, तेव्हा त्यांतल्या एकाने संपल्या संपल्या विचारले, “काका, पण यात कॉम्प्युटरची चूक कुठे आहे?” प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा होता. ब्रंडल दारूच्या नशेत, मत्सराच्या भरात स्वतःच कोठडीत बसतो आणि एक माशी त्याच्यासोबत आत शिरते. एका कोठडीत एकच जीव असेल, असे कॉम्प्युटरला शिकवलेले. त्याला दोन सापडतात, म्हणून तो दोघांचा जनुकांच्या पातळीवर एक जीव करून टाकतो. त्याच्या हिशेबात काम चोख झाले. यंत्रात बिघाड नाही, यंत्राच्या मनात वैर नाही, तरीही माणूस संपतो. आणि तंत्रज्ञानाची भीती इतक्या नेमकेपणाने मांडणारा दुसरा चित्रपट मला ठाऊक नाही.

आपल्यात काय मिसळले आहे हे ब्रंडलला बरेच दिवस कळत नाही. त्याला अंगात विलक्षण ताकद जाणवते, झोप लागत नाही, तो कॉफीत चमच्यामागून चमचे साखर घालतो, आणि यंत्राने आपल्याला शुद्ध केले असे ठामपणे सांगत सुटतो. मग एके दिवशी आरशासमोर उभा असताना त्याच्या बोटाचे नख सहज निघून हातात येते. त्या मुलांनी माना फिरवल्या त्या या नखाच्या वेळी. पुढची कितीतरी अधिक भयंकर दृश्ये त्यांनी सरळ पाहिली. नख प्रत्येकाला आहे आणि ते निघाले तर कसे वाटेल हे प्रत्येकाला ठाऊक आहे, हे कारण. गळून पडलेले अवयव ब्रंडल औषधांच्या कपाटात नीट मांडून ठेवतो आणि स्वतःच्या ऱ्हासाची शास्त्रज्ञाच्या नजरेने नोंद घेत राहतो. जेफ गोल्डब्लम यांनी हा माणूस शेवटपर्यंत माणूस ठेवला आहे. ख्रिस वालस आणि स्टीफन डुपी यांना याच चित्रपटासाठी मेकअपचे ऑस्कर मिळाले.

त्या काळात अनेकांना हा चित्रपट एड्सबद्दल आहे असे वाटले. क्रोनेनबर्ग यांच्या मनात त्याहून व्यापक गोष्ट होती : आजारपण, म्हातारपण, आणि आपल्या माणसाचा देह आपल्यासमोर ओळखू न येण्याइतका बदलत जाणे. मिरज हे दवाखान्यांचे गाव. कर्नाटकापासून रुग्ण तिथे येतात, आणि वॉर्डाबाहेरच्या बाकांवर रात्री काढणारी माणसे तिथे कायम दिसतात. व्हेरोनिका जेव्हा दाराशी थांबते, आत जायला घाबरते आणि तरीही आत जाते, तेव्हा ती काय अनुभवते हे त्या बाकांवर बसलेल्यांना समजावून सांगावे लागणार नाही.

पुढचे दोन चित्रपट थोडक्यात. ‘डेड रिंगर्स’ (१९८८) मध्ये जेरेमी आयर्न्स यांनी स्त्रीरोगतज्ज्ञ असलेल्या जुळ्या भावांच्या दोन्ही भूमिका केल्या आहेत. त्यातला एक भाऊ मनाचा तोल ढळल्यावर न भूतो अशी शस्त्रक्रियेची हत्यारे बनवून घेतो, आणि ती नुसती ट्रेमध्ये मांडलेली पाहूनही जीव गोळा होतो. ‘क्रॅश’ (१९९६) ही मोटार अपघातांतून कामोत्तेजना मिळवणाऱ्या माणसांची गोष्ट. तिला कानच्या महोत्सवात विशेष ज्युरी पुरस्कार मिळाला आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागात तिच्यावर बंदीही आली. विषय ऐकून विकृत वाटतो, परंतु पुणे–बंगळूर महामार्गावर अपघात झाला की गाडीचा वेग कमी करून, काच खाली घेऊन मोबाइल बाहेर काढणारे हात किती असतात, हे पाहिलेल्या माणसाने त्याला सहजासहजी परके म्हणू नये.

‘एक्झिस्टेन्झ’ (१९९९) हा आभासी खेळाविषयीचा चित्रपट त्याच वर्षी आलेल्या ‘द मॅट्रिक्स’च्या झगमगाटात झाकला गेला. ‘द मॅट्रिक्स’मधले यंत्र काळ्या तारांचे आणि पोलादाचे आहे, क्रोनेनबर्ग यांच्या या चित्रपटात एकही कॉम्प्युटर दिसत नाही. खेळाचे यंत्र हा उभयचर प्राण्याच्या अंड्यांपासून वाढवलेला जिवंत, मऊ मांसाचा गोळा आहे. तो मांडीवर घ्यायचा, कुरवाळला की तो हलतो, आणि त्याची नाळ खेळाडूच्या कण्यात खालच्या बाजूला पाडलेल्या छिद्रात खोचायची. खेळ चालतो तो खेळाडूच्या शरीरातल्या ऊर्जेवर. मिरजेत सतारमेकरांच्या दुकानांत वेलीवर वाढलेला भोपळा वाळवून त्याचा तंबोरा होतो, आणि तो मांडीवर घेऊन तार छेडली की तिची कंपने छातीपर्यंत जाणवतात. वनस्पतीचा देह वाद्यात आणि वाद्य माणसाच्या देहाशी इतके एकजीव होते, तेव्हा आपण त्याला कला म्हणतो. क्रोनेनबर्ग त्याच जवळिकीला एक पाऊल पुढे नेतात, कारण त्यांच्या खेळाचा गोळा वाळवलेला नाही. तो आजारी पडतो, त्याला संसर्ग होतो आणि तो संसर्ग नाळेतून खेळाडूतही येतो.

या चित्रपटाचे बीज विचित्र ठिकाणी आहे. १९९५ मध्ये क्रोनेनबर्ग यांनी एका मासिकासाठी सलमान रश्दी यांची मुलाखत घेतली होती. लिहिलेल्या कल्पनेसाठी माणसाला जिवाच्या भीतीने दडून राहावे लागते, यावरून त्यांना खेळ रचणाऱ्या एका स्त्रीची गोष्ट सुचली, जिला तिच्या निर्मितीसाठी ठार मारायला लोक टपले आहेत. हे मारेकरी स्वतःला वास्तववादी म्हणवतात. खेळात खेळ, त्यात आणखी खेळ अशी रचना असल्याने पहिल्यांदा पाहताना गोंधळ उडतो. त्यासाठी एक साधी गोष्ट लक्षात ठेवावी : एखादे पात्र मध्येच निश्चल होऊन डोलत राहिले, योग्य वाक्य कानावर पडेपर्यंत पुढे सरकले नाही, तर आपण खेळाच्या आत आहोत. बाहेर आल्यावर मात्र अशी कुठलीच खूण उरत नाही, आणि चित्रपटाचा शेवट नेमका त्याच जागी येतो.

त्यानंतर बराच काळ त्यांनी या विषयापासून दूर राहून गुन्हेगारी, मानसशास्त्र, पैसा यांवर चित्रपट केले. त्यांतले काही उत्तम आहेत, पण ते इथे अवांतर. ते परतले ‘क्राइम्स ऑफ द फ्युचर’ (२०२२) घेऊन. त्याची संहिता दोन दशकांहून अधिक काळ पडून होती. या भविष्यात माणसाला वेदना जवळजवळ जाणवेनाशी झाली आहे आणि शरीरात नवनवे अवयव आपोआप उगवू लागले आहेत. सॉल टेन्सर नावाचा कलावंत आपल्या पोटात वाढलेले अवयव प्रेक्षकांसमोर शस्त्रक्रियेने काढून घेतो. त्याची पलंग-खुर्चीसारखी उपकरणेही हाडामांसाची वाटतात. मला यात सर्वांत विचार करायला लावते ते प्लॅस्टिक खाणारे मूल. आपणच तयार केलेल्या कचऱ्यावर जगू शकेल असा माणूस निसर्ग घडवत असेल, तर तो आजार मानायचा की उपाय, यावर चित्रपटातली सरकारी यंत्रणा, पालक आणि बंडखोर एकमेकांचा जीव घेतात. माणसाच्या रक्तातही प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण सापडतात, असे संशोधन त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. चित्रपट काहीसा विस्कळीत आहे, मधला भाग रेंगाळतो, पण त्याचा प्रश्न कल्पनेतला राहिलेला नाही.

‘द श्राउड्स’ (२०२४) हा आजवरचा सर्वांत खाजगी चित्रपट. क्रोनेनबर्ग यांच्या पत्नी कॅरोलिन २०१७ मध्ये वारल्या. चित्रपटातला विधुर उद्योजक कार्श अशी दफनभूमी काढतो, जिथे मृतदेहाला कॅमेरे बसवलेल्या कफनात गुंडाळतात आणि नातेवाइकांना थडग्यावरच्या पडद्यावर किंवा फोनवर तो देह कुजताना पाहता येतो. वाचताना अघोरी वाटते. पडद्यावर मात्र हा माणूस बायकोच्या शरीरापासून तुटायला तयार नाही, एवढेच आधी दिसते, आणि ते समजते. आपल्याकडे कृष्णेच्या घाटावर तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करून नदीत सोडतात. देहाचा निरोप घ्यायला आपण मुदत घालून दिली आहे. कार्शने तंत्रज्ञानाच्या जोरावर ती मुदतच काढून टाकली आहे, आणि त्याचे दुःख त्यामुळे हलत नाही. त्याला सोबत करायला बायकोच्या चेहऱ्या-आवाजासारखी एक कृत्रिम बुद्धिमत्तेची सहायिका आहे. चाळीस वर्षांपूर्वीचा, कॅसेटमधून बोलणारा मेलेला प्राध्यापक इथे अधिक प्रेमळ रूपात परत आला आहे, आणि तो जास्त भीतिदायक आहे.

क्रोनेनबर्ग यांच्यावर घेतला जाणारा एक आक्षेप मला मान्य आहे. त्यांच्या सुरुवातीच्या चित्रपटांत विकृती वारंवार स्त्रीच्या देहावर उगवते, आणि ‘द ब्रूड’मधल्या आईकडे पाहण्याची नजर सूडाची आहे. ‘व्हिडिओड्रोम’पासून हा भार पुरुषाच्या देहावर सरकला आणि त्यांच्या कामाला खोली आली. दुसरा आक्षेप कोरडेपणाचा. त्यांची पात्रे हळू आवाजात, तोलून मापून बोलतात, कॅमेरा शांत असतो, आणि अनेकांना हे थंड वाटते. या शांतपणाखाली शोक वाहतो आहे हे जाणवण्यासाठी हॉवर्ड शोअर यांच्या संगीताकडे लक्ष द्यावे. ‘द ब्रूड’पासून त्यांच्या जवळपास सर्व चित्रपटांचे संगीत शोअर यांचेच आहे.

नव्याने पाहणाऱ्याने सुरुवात ‘द फ्लाय’पासून करावी, कारण त्यातली प्रेमकथा आपल्याला धरून ठेवते. मग ‘व्हिडिओड्रोम’ पाहावा आणि थोडे अंतर ठेवून पुन्हा एकदा पाहावा. त्यानंतर ‘एक्झिस्टेन्झ’ आणि ‘डेड रिंगर्स’ यांची गोडी लागेल. ‘द श्राउड्स’ ज्यांच्या घरात नुकतीच कुणी व्यक्ती गेली आहे त्यांनी काही काळ बाजूला ठेवावा. लहान मुलांसमोर यातला एकही लावू नये, आणि जेवताना तर कुणीच नाही. ‘क्रॅश’ सगळ्यांत शेवटी, आणि तोही या दिग्दर्शकावर विश्वास बसला असेल तरच.